पाण्याची ओळ: हरितगृहातल्या काकडीवर कंपोस्ट अर्क वापरण्याचे एक प्रकरण

रोपवाटिकेच्या कोपऱ्यातले ते ट्रे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बी टोकून आठ दिवस झाले होते आणि जवळजवळ निम्मे कप्पे रिकामे होते. उगवलेल्या रोपांपैकी काही देठाशी पाणचट होऊन आडवी पडली होती. एक रोप उपटले. मुळाची साल सुटून कोकोपीटमध्येच (नारळाच्या काथ्याच्या भुशात) राहिली, हातात आला तो दोऱ्यासारखा मधला भाग. रिकाम्या कप्प्यांत बोट घातले तर बी लगद्यासारखे मऊ झालेले. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशींत गोल, जाड भिंतीची बीजुके दिसली आणि शंका उरली नाही. रोपे कोलमडवणारा पिथियम, मातीपाण्यात राहणारा बुरशीसारखा रोगकारक.

शेजारच्या हरितगृहात आधीच्या लावणीची काकडी उभी होती. तिच्या खालच्या पानांवर भुरीचे पांढरे ठिपके एकमेकांना मिळायला लागले होते.

हे हरितगृह एक ताई चालवतात. त्यांचे म्हणणे सरळ होते. काकडी भर बहरात एक दिवसाआड तोडावी लागते. बहुतेक बुरशीनाशकांना फवारणी आणि तोडणी यांच्यात काही दिवसांचे अंतर राखावे लागते. ते अंतर पाळायचे तर तोडा चुकतो, फळे जाड होतात, वेल थकतो. न पाळायचे तर साल न काढता कच्ची खाल्ली जाणारी भाजी औषधासकट जाते. दुसरा पर्याय त्यांना मान्यच नव्हता. म्हणून त्यांनी कुणाकडून तरी कृती घेऊन कंपोस्ट टी, म्हणजेच कंपोस्टचा अर्क, सुरू केला होता. दोनशे लिटरचा ड्रम, त्यात कापडी पिशवीत बांधलेले कंपोस्ट, दोन लिटर मळी (साखर काढून उरणारा काकवीसारखा गोड द्रव) आणि मत्स्यटाकीला लावतात तसला छोटा हवापंप. दोन दिवसांनी तो अर्क पाच पट पाण्यात मिसळून ट्रेवर ओतायचा आणि उरलेला वेलांवर फवारायचा.

"फरक पडलाय असं वाटतं, सर," त्या म्हणाल्या.

किती फरक, कशाच्या तुलनेत, हे विचारल्यावर त्या थांबल्या. सगळ्या ट्रेंना अर्क दिला होता, सगळ्या वेलांवर फवारला होता. तुलना करायला काही उरलेलेच नव्हते. पुढच्या तीन महिन्यांत आम्ही जे केले ते सगळे त्या एका "वाटतं"चा निकाल लावण्यासाठी होते.

अर्क म्हणजे नेमके काय

मुरलेले कंपोस्ट पाण्यात ठेवून त्यातले सूक्ष्मजीव आणि विरघळणारी द्रव्ये पाण्यात उतरवायची, हे याचे मूळ. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कंपोस्ट पाण्यात कालवून हवा न देता पाच ते चौदा दिवस ठेवतात. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात हाइनरिख वेल्टसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वनस्पतिरोगांवर जे काम केले ते मुख्यतः या प्रकारच्या अर्कावर. दुसऱ्या प्रकारात ड्रममध्ये सतत हवा सोडून एक-दीड दिवसात अर्क तयार करतात. जिवाणू भराभर वाढावेत म्हणून त्यात बहुधा काहीतरी खाद्य घालतात. आज बहुतेक जण हाच दुसरा प्रकार करतात, ताईही तोच करत होत्या.

दोन्हींत रोगावर चालू शकणाऱ्या वाटा सारख्याच आहेत. अर्कातले जिवाणू रोगकारकाच्या तोंडचे अन्न पळवतात. काही जिवाणू प्रतिजैविके सोडतात, काही लोह बांधून ठेवून रोगकारकाला उपाशी मारतात. काही बुरशा दुसऱ्या बुरशीवरच जगतात. शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होऊ शकते. यातली कुठली वाट कुठल्या रोगावर चालेल हे त्या रोगाच्या स्वभावावर ठरते. हा मुद्दा पुढे फार कामाचा ठरला, म्हणून आताच सांगतो: ट्रेमधला पिथियम आणि पानावरची भुरी यांच्यात 'रोग' या शब्दापलीकडे साम्य जवळजवळ नाहीच.

आधी ट्रे

अर्काला हात लावण्यापूर्वी मी बाकीचे पाहिले. जुने ट्रे नुसते झटकून पुन्हा वापरले जात होते. पाणी उघड्या टाकीतून येत होते आणि टाकीच्या तळाशी गाळ होता. कोकोपीट मुठीत दाबले की पाणी गळायचे. ट्रेभोवती बुरशीमाश्या उडत होत्या. या बारीक काळ्या माश्या पिथियम एका कप्प्यातून दुसऱ्यात नेऊ शकतात. थंडीचे दिवस होते, ट्रे जमिनीवर होते. काकडीच्या बियांना २५ ते ३० अंशांची ऊब लागते, इथे माध्यमाचे तापमान सकाळी १७ अंश होते. गार माध्यमात बी हळू उगवते, आणि जितके हळू उगवते तितका वेळ पिथियमच्या दाढेत राहते.

हे सगळे एकदम दुरुस्त करावे असे हाताला होत होते. पण तसे केले असते तर अर्काचे काय ते कधीच कळले नसते. ताईंशी बोलून ठरवले की पहिल्या तीन खेपांत परिस्थिती आहे तशीच ठेवायची, प्रयोग थोड्याच ट्रेवर करायचा, आणि विक्रीची रोपे बाहेरून आणायची. पैसे त्यांचे जाणार होते, तरी त्यांनी हे मान्य केले. या प्रकरणात जे काही शिकायला मिळाले ते त्यांच्या त्या निर्णयामुळे.

प्रत्येक खेपेत चार तऱ्हेचे ट्रे. एकाला साधे पाणी. दुसऱ्याला ताईंच्या कृतीचा मळी घातलेला अर्क. तिसऱ्याला मळीऐवजी समुद्री शेवाळाचा अर्क आणि ह्युमिक आम्ल (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून मिळणारे) घालून केलेला. चौथ्याला हा तिसराच अर्क, पण उकळून गार केलेला. हा चौथा ट्रे मला सगळ्यांत मोलाचा वाटत होता. अर्कात सूक्ष्मजीव असतात तसे क्षारही असतात. रोप तरारून आले तर ते खतामुळे की जिवाणूंमुळे हे सांगता येत नाही. उकळल्यावर क्षार राहतात, जीव मरतात.

तिसरी कृती माझ्या मनची नव्हती. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये स्टीव्हन शुअरेल आणि वॉल्टर महाफी यांनी काकडीची रोपे आणि पिथियम अल्टिमम हीच जोडी घेऊन काम केले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना सर्वांत भरवशाचा आढळला तो हवा देऊन, समुद्री शेवाळ आणि ह्युमिक आम्ल घालून केलेला अर्क. तापवला किंवा पातळ केला की त्याचा गुण जात होता. मळीचे पोषण घातलेला अर्क मात्र बेभरवशाचा होता. मळीशिवायच्या अर्कांत दर मिलिलिटरला साधारण दहा लाख सक्रिय जिवाणू असले की रोगाला आळा बसत होता. मळी घातलेल्यांत जिवाणूंच्या संख्येवरून काहीच सांगता येत नव्हते.

पहिल्या खेपेत आमच्या चारही ट्रेमध्ये सारखीच वाताहत झाली. ताईंचा चेहरा उतरला आणि माझाही. मग ध्यानात आले की अर्क ओतणाऱ्या मुलाने नेहमीच्या सवयीने तो पाच पट पातळ केला होता. त्याला कुणी वेगळे सांगितलेच नव्हते. चूक माझी, कृती मी तोंडी सांगून निघून गेलो होतो. दुसऱ्या खेपेपासून ड्रमवर कागद चिकटवला: पाणी मिसळायचे नाही.

दुसऱ्या खेपेत चित्र पालटले. शेवाळ-ह्युमिकच्या ट्रेमध्ये तुरळक कप्पे सोडले तर रोपे उभी होती. पाण्याचा आणि उकळलेल्या अर्काचा ट्रे जवळजवळ एकसारखे दिसत होते, दोन्हींत ओळीच्या ओळी रिकाम्या. म्हणजे जे काम झाले ते जिवंत अर्काने केले होते, खताने नाही. मळीचा ट्रे मधेच कुठेतरी. तिसऱ्या खेपेत मळीचा ट्रे पाण्यापेक्षाही वाईट निघाला, शेवाळाचा पुन्हा टिकला.

मळीने घात का व्हावा? पिथियमला बी सापडते ते बियातून पाझरणाऱ्या साखरा, अमिनो आम्ले आणि मेदाम्लांच्या वासावर. बी ओले झाल्यापासून काही तासांतच त्याची बीजुके जागी होतात, एका दिवसात बियाचे पांढरे आवरण व्यापू शकतात. अर्कात न पचलेली मळी शिल्लक असेल तर तीही त्याला मेजवानीच. आपण शत्रूच्या शत्रूला जेवू घालतो आहोत असे समजतो आणि पंगतीला शत्रूच बसतो.

चांगला अर्क काम कसा करतो याचे मला सर्वांत पटणारे उत्तर कॉर्नेल विद्यापीठातले एरिक नेल्सन यांच्या कामातून मिळते. मेरी मॅकेलर आणि त्यांनी २००३ मध्ये दाखवले की काही कंपोस्टांतले जिवाणू बी रुजायला घातल्यापासून काही तासांत बियाच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि त्यातून पाझरणारी मेदाम्ले, विशेषतः लिनोलेइक आम्ल, खाऊन टाकतात. पिथियमला इशारा मिळतच नाही. तो मरत नाही, झोपलेला राहतो. हे वाचल्यापासून माझा एक नियम झाला: अर्क बी टोकण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी माध्यमात गेला पाहिजे. रोप कोलमडल्यावर ओतलेला अर्क म्हणजे चोर गेल्यावर कुलूप.

चौथ्या खेपेची गोष्ट थोडक्यात. कंपोस्टचा ढीग संपला म्हणून दुसऱ्या ढिगातले घेतले, कृती तीच, पंप तोच. अर्क चालला नाही. नवा ढीग हात घालताच कोमट लागत होता आणि त्याला अमोनियाचा वास होता. तो मुरलाच नव्हता. सहा आठवडे आणखी ठेवल्यावर त्याच ढिगातून केलेला अर्क बऱ्यापैकी चालला. कृती कुणाकडून घेता येते, कंपोस्ट घेता येत नाही.

पानावरची भुरी, आणि मी केलेली घाई

मोठ्या हरितगृहात ताईंनी आधीच ठरवले होते की दाराजवळच्या चार ओळींवर अर्क फवारायचा आणि मागच्या तशाच ठेवायच्या. दाराजवळ हवा खेळती होती, मागे कोंदट. मी ते बदलायला लावले. चिठ्ठ्या टाकून ओळी ठरवल्या, आणि पानांवरची भुरी मोजणाऱ्या मुलीला कुठली ओळ कुठली ते सांगितले नाही. अर्क आता मळीशिवायचाच होता. फवारणी दर सात दिवसांनी, पानांची खालची बाजूही भिजेल अशी.

दोन आठवड्यांनी फवारलेल्या ओळी कोरड्या ओळींपेक्षा उघडच स्वच्छ होत्या. मोजणीही तेच सांगत होती. मी ताईंना म्हणालो, "चालतोय." त्यांनी त्याच दिवशी दुसरा ड्रम आणला.

रात्री घरी नोंदी उतरवताना मला खटकले. भुरीच्या बीजुकांना रुजायला पानावर पाणी लागत नाही. इतर बहुतेक पानरोगांच्या उलट, साचलेले पाणी त्यांना मारक असते. ती फुगून फुटतात, धुऊन जातात. म्हणजे नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही भुरी कमी होऊ शकते. आमच्याकडे पाण्याची ओळ नव्हतीच. ट्रेमध्ये मी पाण्याचा ट्रे आग्रहाने ठेवला होता आणि इथे विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन ताईंना सांगितले की कालचे माझे बोलणे मी मागे घेतो. त्यांना ते आवडले नाही, आणि का आवडावे? पण त्यांनी ओळी पुन्हा वाटून दिल्या: तीन कोरड्या, तीन पाण्याच्या, तीन अर्काच्या. पाण्याच्या ओळींवर त्याच पंपाने, त्याच नोझलने, त्याच वेळी, तितकेच साधे पाणी.

चार आठवड्यांनंतर पाण्याच्या आणि अर्काच्या ओळी मोजणाऱ्या मुलीला वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. दोन्ही कोरड्यांपेक्षा स्वच्छ होत्या. जो फरक ताईंना पहिल्यापासून वाटत होता तो खरा होता, फक्त त्याचे श्रेय ड्रमचे नव्हते, फवाऱ्याचे होते.

यावरून कुठलाच कंपोस्ट अर्क कुठल्याच भुरीवर चालत नाही असा निष्कर्ष मी काढत नाही. झाडाची प्रतिकारशक्ती जागी होऊन भुरी कमी झाल्याचे निष्कर्ष मांडले गेले आहेत. पण भुरीशी अन्नासाठी स्पर्धा करून जिंकता येईल ही आशा मला फोल वाटते. तिचे बीजुक आपली शिदोरी बरोबर आणते आणि थेट जिवंत पेशीत नळी घालून जेवते. पानाच्या पृष्ठभागावरच्या चार साखरांवर तिचे पोट अवलंबून नाही.

राखाडी बुरशीचे, म्हणजे बोट्रायटिसचे, उलट आहे. तिच्या बीजुकाला कोवळ्या धड पानात शिरण्याआधी बाहेरचे पोषण लागते: परागकण, गळलेली पाकळी, छाटणीच्या जखमेतला रस. तिथे जिवाणूंची स्पर्धा कामी येऊ शकते. शुअरेल आणि महाफी यांनी २००६ मध्ये जिरॅनियमच्या पानांवर याच बुरशीसाठी अर्क तपासले तेव्हा काही अर्कांनी रोग लक्षणीय कमी केला, काहींनी अजिबात नाही, आणि नुसती हवा दिल्याने अर्क सरस ठरतोच असे दिसले नाही. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'चढउतार' हा शब्द आहे.

आमच्याकडे बोट्रायटिस आली ती नेमकी पाचव्या आठवड्यात, आणि आली ती फवारलेल्या ओळींत जास्त. पाण्याच्या आणि अर्काच्या, दोन्ही. पाने काढलेल्या जागी खोडावर करडी लव दिसू लागली. संध्याकाळी फवारत होतो, कारण उन्हात अर्कातले जिवाणू मरतात. पण संध्याकाळी भिजलेला वेल बंद हरितगृहात सकाळपर्यंत वाळत नव्हता. भुरी उतरवणारे पाणीच बोट्रायटिसला वाट करून देत होते. अर्काने तिला रोखले असते तर अर्काच्या ओळींत ती कमी दिसायला हवी होती. नव्हती.

तिला आवरले ते तीन साध्या गोष्टींनी. पाने सकाळी, कोरड्या हवेत, खोडालगत सपाट कापायची, खुंटी ठेवायची नाही. सूर्य उगवण्याआधी थोडी ऊब देऊन झरोके उघडायचे, म्हणजे पहाटे वेलांवर दव धरत नाही. आणि पानांवरची फवारणी बंद.

ड्रममधली दुसरी गोष्ट

फवारणी बंद करण्याचे आणखी एक कारण होते, आणि माझ्या दृष्टीने तेच मोठे.

मी गेलो त्या पहिल्याच दिवशी ताईंच्या मळीच्या अर्काचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत दिला होता. ड्रमला उग्र वास होता. विरघळलेल्या प्राणवायूचे माप दर लिटरला २ मिलिग्रॅमच्याही खाली होते. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात ते सुमारे ९ मिलिग्रॅमपर्यंत मावते. चांगल्या अर्कात निदान ५-६ तरी टिकावे असे धरतात. मळीमुळे जिवाणू इतके झपाट्याने वाढले होते की छोट्या पंपाची हवा पुरत नव्हती.

अहवाल दहा दिवसांनी आला. त्यात ई. कोलाय होते, आणि थोडेथोडके नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने नेमलेल्या कार्यगटाने २००४ मध्ये कंपोस्ट अर्कासाठी जी शिफारस केली तिच्यात मळीसारखे खाद्य घातलेल्या अर्काची तपासणी करावी असे सांगितले होते आणि १०० मिलिलिटरमध्ये सरासरी १२६ ई. कोलाय व ३३ एन्टेरोकॉकाय (हेही आतड्यातलेच जिवाणू) ही वरची मर्यादा सुचवली होती. माणसे पोहतात त्या गोड्या पाण्यासाठी अमेरिकेत तेव्हा जी मर्यादा धरत तीच ही. आमचा नमुना तिच्या कितीतरी वर होता.

सगळेच ई. कोलाय माणसाला आजारी पाडत नाहीत. पण ते आहेत म्हणजे विष्ठेतून जिवाणू येण्याची वाट उघडी आहे, आणि त्या वाटेने ओ१५७ हा ई. कोलायचा घातक प्रकार किंवा साल्मोनेला येऊ शकतो. खत नीट मुरलेले असेल तर हे जिवाणू मरतात किंवा मोजता न येण्याइतके उरतात. मळी घातली की त्या मूठभर उरलेल्यांना पुन्हा वाढायला रान मिळते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अर्कात मळीचे प्रमाण वाढेल तशी ओ१५७ आणि साल्मोनेला यांची वाढ होत असल्याचे दिसले; मळी नसताना ती झाली नाही.

आता हे काकडीशी जोडून पाहा. जे फळ उद्या तोडायचे त्याच्यावर आज फवारा मारायचा, आणि ते परवा कुणीतरी साल न काढता खाणार. औषधाचा अंश नको म्हणून जी वाट धरली ती घेऊन गेली इथे. ताई अहवाल हातात धरून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी माझ्या पोरांना याच काकड्या देते."

जिवाणू कुठून आले ते शोधायला वेळ लागला नाही. कंपोस्टचा ढीग तापत होता, पण त्याच्या कडा तापत नव्हत्या. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत शेणखत घातलेल्या उघड्या ढिगासाठी सांगितले आहे की तो १५ दिवस ५५ ते ७७ अंशांवर राहिला पाहिजे आणि त्या काळात निदान पाच वेळा उलटला पाहिजे. पाच वेळा उलटायचे कारणच हे, की गार कडा आत जाव्यात. इथे ढीग एकदाच उलटला होता. शिवाय ताजे शेण ज्या फावड्याने ओढले जाई त्याच फावड्याने तयार कंपोस्ट ड्रमसाठी भरले जात होते. आणि ड्रमच्या आत, हवेच्या नळीच्या तोंडाशी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर होता. तो दर खेपेला नव्या अर्कात विरजण लावत होता.

बदल झाले ते असे. अर्कासाठीचे फावडे, बादली आणि पिशवी वेगळी, त्यांवर लाल पट्टी. ढिगात लांब तापमापी, आणि भिंतीवर रोजची नोंद. ड्रम आणि नळ्या दर खेपेनंतर लगेच घासून, हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन, उलट्या ठेवून वाळवणे. मोठा पंप. मळी कायमची बंद. पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी उघडे ठेवून किंवा हवा सोडून उडवायचे. क्लोरामाइन (क्लोरीनऐवजी पाणी शुद्ध करायला घालतात ते) असेल तर ते असे उडत नाही, त्यासाठी थोडे ॲस्कॉर्बिक आम्ल घालावे लागते. पंप बंद केल्यावर अर्क चार तासांच्या आत वापरायचा, उरला तर कंपोस्टच्या ढिगावर ओतायचा.

पुढचे दोन नमुने मर्यादेच्या आत आले. तरीही फळ धरलेल्या वेलावर अर्क फवारायचा नाही हे आम्ही कायम ठेवले. भुरीवर त्याचा पाण्याहून जास्त उपयोग दिसला नव्हता. मग ती जोखीम कशासाठी घ्यायची? ट्रेमध्ये ओतलेल्या अर्कापासून पहिल्या तोड्यापर्यंत कित्येक आठवडे जातात आणि फळ जमिनीला टेकत नाही. तिथे फायदा दिसत होता, धोका लहान होता.

भुरीसाठी ताई आता रोगाला कमी बळी पडणारे वाण लावतात आणि पहिला ठिपका दिसताच पोटॅशियम बायकार्बोनेट फवारतात, तेही उजाडताच, म्हणजे ऊन तापेपर्यंत पाने वाळतात. अगदी स्वच्छ राहत नाहीत, पण वेल टिकतात.

सध्या

प्रयोगाच्या खेपा संपल्यावर इतके दिवस मुद्दाम तशाच ठेवलेल्या गोष्टी दुरुस्त केल्या. ट्रे धुऊन, निर्जंतुक करून वापरायचे. टाकीला झाकण, गाळ साफ. ट्रे जमिनीवरून उचलून जाळीच्या मांडवावर, खालून ऊब, माध्यम २५ अंशांवर. पाणी सकाळी एकदाच, मुठीत दाबल्यावर गळणार नाही इतके. बुरशीमाश्यांसाठी पिवळे चिकट सापळे.

आणि दर खेपेत एक ट्रे नुसत्या पाण्याचा. हे ताईंनी स्वतःहून चालू ठेवले, मला सांगावे लागले नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी दोन ट्रेचे फोटो पाठवले. एक अर्काचा, एक पाण्याचा. दोन्ही पूर्ण भरलेले, रोपे सारखीच तरतरीत. खाली प्रश्न: "सर, आता अर्क कशाला करू?"

मी नोंदी पाहिल्या. सलग तीन खेपांत दोन्ही ट्रे सारखेच होते. रोगाचा जोरच उरला नव्हता, तर अर्काला करण्यासारखे काही नव्हते. एका ट्रेच्या कोपऱ्यात मात्र पाच-सहा रोपे देठाशी तांबूस, कोरडी पडून कोलमडली होती, तीही अर्काच्याच ट्रेमध्ये. ही लक्षणे पिथियमची नव्हेत, रायझोक्टोनिया या मातीतल्या दुसऱ्या बुरशीची. कंपोस्टमुळे पिथियमला आळा बसतो तितक्या सहज रायझोक्टोनियाला बसत नाही. त्याला विशिष्ट बुरशा लागतात आणि त्या प्रत्येक ढिगात नसतात. तो कप्प्यांचा भाग काढून टाकायला आणि तो ट्रे पुन्हा न वापरायला सांगितले.

अर्काबद्दल ठरले ते असे की गरमीच्या खेपांना तो करायचा नाही. ड्रम धुऊन उलटा ठेवायचा. थंडी सुरू झाली, उगवण लांबू लागली आणि पाण्याच्या ट्रेमध्ये कप्पे रिकामे दिसू लागले, की पुन्हा पंप लावायचा. तोपर्यंत पाण्याचा ट्रे दर खेपेला ठेवायचाच.